इंजिनाविना जेट : एका टेकडीची मागणी

२३ जून २०२४ रोजी सकाळी कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चाचणी क्षेत्रावर इस्रोचे ‘पुष्पक’ तिसऱ्यांदा धावपट्टीवर उतरले. हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने ते साडेचार किलोमीटर उंचीवर नेले आणि धावपट्टीपासून साडेचार किलोमीटर अंतरावर सोडून दिले. सोडतानाच ते मध्यरेषेपासून ५०० मीटर बाजूला राहील अशी योजना होती. पुढची सारी दुरुस्ती वाहनाने स्वतः केली, मध्यरेषा गाठली आणि ताशी ३२० किलोमीटरहून अधिक वेगाने ते जमिनीला टेकले. पॅराशूट उघडल्यावर वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास आला.

बातम्यांत या प्रयोगाचे वर्णन पुनर्वापरक्षम अग्निबाणाकडे टाकलेले पाऊल असे झाले, आणि ते यथार्थच आहे. मात्र दोन गोष्टींकडे फारसे कोणी पाहिले नाही. पहिली अशी, की या अवतरणात कोणतेही इंजिन चालू नव्हते; साडेचार किलोमीटरची उंची एवढीच काय ती ऊर्जेची पुंजी होती. दुसरी अशी, की हे वाहन स्वतःच एक प्रमाणबद्ध प्रतिकृती आहे. पुढे कक्षेतून परतणारे जे वाहन बांधायचे आहे, ते याच्या १.६ पट मोठे असेल. थोडक्यात, देशाच्या अवकाश कार्यक्रमाने एका मोठ्या यंत्राची लहान, इंजिनाविना तरंगणारी आवृत्ती केली आणि तिच्याकडून हवेचे धडे घेतले. हीच पद्धत अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक-दीड किलोच्या मापात सहज उपलब्ध आहे. तिचा उपयोग मात्र आपल्याकडे जवळजवळ होत नाही.

ब्रिटनमध्ये हौशी मंडळींनी हा प्रकार चांगला रुजवला आहे. एखाद्या जेट विमानाचा एकच आराखडा निवडायचा, गटातल्या प्रत्येकाने त्यावरून आपापली प्रतिकृती बांधायची, आणि ठरलेल्या दिवशी सर्वांनी टेकडीवर जमून ती वाऱ्यावर सोडायची. वेल्समधील लँडिड्नो गावाजवळचे ग्रेट ऑर्म हे भूशिर अशा मेळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. या प्रतिकृतींत नियंत्रक पृष्ठभाग हलवणारे सर्व्हो आणि रेडिओ-रिसीव्हर यांना पुरेल एवढीच बॅटरी असते. पुढे ढकलणारे काहीही नसते. तरंगत ठेवण्याचे काम उतारावर आदळून वर वळणारा वारा करतो. घारी आणि गिधाडे सह्याद्रीच्या कड्यांवर पंख न हलवता तासन्‌तास फिरतात, ती याच वाऱ्याच्या बळावर.

याला खेळ म्हणून बाजूला सारण्याआधी त्यातले गणित पाहणे उचित ठरेल. उदाहरणासाठी भारताने बांधलेले पहिले जेट लढाऊ विमान ‘मारुत’, म्हणजेच एचएफ-२४, घेऊ. त्याचा पंखविस्तार ९ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ २८ चौरस मीटर आणि उड्डाणाचे वजन सुमारे ९ टन. त्याची एक दशांश प्रतिकृती केली, तर पंखविस्तार ९० सेंटिमीटर होतो. क्षेत्रफळ मात्र शंभराव्या हिश्श्यावर, म्हणजे ०.२८ चौरस मीटरवर येते. आणि वजनही त्याच प्रमाणात उतरवायचे, तर ते हजाराव्या हिश्श्यावर, म्हणजे ९ किलोवर यायला हवे. लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ निरनिराळ्या वेगाने आकसतात, हे गॅलिलिओपासून ठाऊक असलेले सत्य विद्यार्थ्याच्या हाती इथे वजनकाट्यावर येते. नऊ किलोची ही प्रतिकृती साध्या वाऱ्यावर तरंगणार नाही. तिला सव्वा किलोच्या आसपास आणावे लागते. मग पंखांवरचा भार चौरस मीटरमागे साडेचार किलोच्या आत येतो. मूळ मारुतचा तो ३०० किलोहून अधिक होता.

अशा प्रतिकृतीला हवेत टिकण्यासाठी सेकंदाला साधारण १३ मीटरचा वेग लागेल. ती एक मीटर खाली येताना आठ मीटर पुढे जात असेल, तर स्थिर हवेत ती सेकंदाला सुमारे १.६ मीटर खाली घसरेल. आता ३० अंशांच्या उतारावर सेकंदाला ८ मीटर वेगाने वारा येत असला, तर उताराला समांतर वळलेल्या त्या प्रवाहाचा ऊर्ध्व घटक पृष्ठभागाजवळ सुमारे ४ मीटर होतो. चार वर, १.६ खाली, म्हणजे विमान टिकते, एवढेच नव्हे तर वर चढते. टेकडीपासून पुढे जावे तसा हा घटक कमी होतो, आणि माथ्याच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला, हवा गोंधळून खाली कोसळते. या पट्ट्याचा नकाशा तयार करणे हाच पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक स्वतंत्र प्रयोग आहे. त्यासाठी वायुवेगमापक, वायुदाबावर उंची मोजणारा छोटा संवेदक आणि थोडी चिकाटी पुरते.

याहून खोल धडा रेनॉल्ड्स अंकाचा आहे. मूळ विमान वेगाने उडताना हा अंक काही कोटींच्या घरात असतो. प्रतिकृतीचा तो अडीच-तीन लाखांवर अडकतो. आकार हुबेहूब असला तरी हवेला तो तसा ‘दिसत’ नाही. पंखाला चिकटून वाहणारा हवेचा थर लवकर सुटतो, आणि मूळ विमानाचा पातळ छेद प्रतिकृतीला अपुरा पडतो. मग बांधणाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो : दिसण्याशी प्रामाणिक राहायचे की उडण्याशी? छेद किती बदलायचा, गुरुत्वमध्य किती पुढे न्यायचा, मागच्या इंजिनाचे वजन नाही म्हणून काय फरक पडतो, या प्रत्येक तडजोडीमागे कारण द्यावे लागते. पाठ्यपुस्तकातील ‘समानतेचे नियम’ हे प्रकरण परीक्षेनंतर विसरले जाते. पहिल्याच फेकीत नाक वर करून खाली आदळलेली प्रतिकृती विसरली जात नाही.

मारुतचे उदाहरण केवळ सोयीचे म्हणून निवडलेले नाही. हे विमान इंजिनासह उडण्याआधी इंजिनाविना उडाले होते, ही गोष्ट मराठी विज्ञानवाचकांत फारशी परिचित नाही. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या बंगळूरच्या कारखान्यात मारुतचा पूर्ण आकाराचा, दोन आसनी लाकडी ग्लायडर बांधला गेला. त्याचे नाव एक्स-२४१. मापे, नियंत्रणांची रचना आणि पंखांचे छेद नियोजित विमानाचेच होते. १९५९ मध्ये डाकोटा विमानाने ओढून नेऊन तो आकाशात सोडण्यास सुरुवात झाली. एकूण ७८ उड्डाणे झाली. अखेर उतरताना नाकाखालचे चाक बाहेर न आल्याने त्याचे मोठे नुकसान झाले. जून १९६१ मध्ये सुरंजन दास यांनी खऱ्या मारुतचे पहिले उड्डाण केले, तेव्हा त्या आकाराचा हवेतला स्वभाव काही प्रमाणात आधीच ठाऊक झालेला होता.

या प्रकल्पाचा प्रमुख कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळूरला आला. दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीच्या फोके-वुल्फ १९० या लढाऊ विमानाचा हाच रचनाकार. त्या इतिहासाची काळी बाजू विसरण्याचे कारण नाही. पण त्याच्या घडणीची सुरुवात जिथे झाली, ती जागा लक्षणीय आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक निर्बंध आले. तेव्हा तिथल्या तंत्रविद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी गट करून ग्लायडर बांधायला घेतले आणि १९२० पासून ऱ्होन डोंगररांगेतील वासरकुप्पे या टेकडीवर त्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. बर्लिनच्या अशा विद्यार्थी-गटाच्या उभारणीत टँकचा सहभाग होता. तेव्हा मारुतचा वंशवृक्ष मागे शोधत गेल्यास तो एका उतारापाशी आणि एका विद्यार्थी-गटापाशी पोहोचतो.

आता प्रश्न आजचा. भारतीय महाविद्यालयांत ‘उडणारा प्रकल्प’ म्हटले की चार पंख्यांचा ड्रोन समोर येतो. ड्रोन उपयुक्त आहेत, त्यांची नियंत्रणप्रणाली हे उत्तम शिक्षण आहे आणि त्यातून रोजगारही उभा राहतो. परंतु त्यांत एक शैक्षणिक उणीव आहे. बाजारातून आणलेला नियंत्रक सेकंदाला शेकडो वेळा मोजमाप करून बांधणीतील चुका भरून काढतो. एक बाजू जड झाली, तर त्या बाजूचा पंखा जरा जोरात फिरतो आणि यंत्र सरळ उभे राहते. चूक झाकली जाते. तिची किंमत फक्त बॅटरी मोजते. ग्लायडरमध्ये अशी पळवाट नाही. डावा पंख अर्धा अंश पिळला गेला असेल, तर विमान डावीकडे किंवा उजवीकडे वळेल आणि कारण शोधेपर्यंत वळतच राहील.

गटाने एकाच आराखड्यावर काम करण्याचे महत्त्वही यातच आहे. दहा जणांनी दहा निरनिराळी विमाने केली, तर दहा किस्से मिळतात. दहा जणांनी एकच विमान केले, तर तुलना मिळते. एकाचा गुरुत्वमध्य ५ मिलिमीटर पुढे, दुसऱ्याचे वजन १०० ग्रॅम अधिक, तिसऱ्याच्या पंखाचा पृष्ठभाग खडबडीत. बाकी सारे समान. एक घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवणे हा प्रायोगिक विज्ञानाचा गाभा या रीतीने आपोआप हाताशी येतो. शिवाय फसलेल्या प्रतिकृतीचीही नोंद मोलाची ठरते. स्पर्धेत पडलेले विमान बाद होते. गटप्रकल्पात पडलेले विमान हा एक निरीक्षणबिंदू असतो.

या दृष्टीने नोएडासारखे शहर एक चांगली कसोटी आहे. तिथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, इलेक्ट्रॉनिक्सचा उद्योग आहे, देशभरातून आलेले आणि त्यांत मराठीही असलेले विद्यार्थी आहेत. नाही ती टेकडी. यमुना आणि हिंडन यांच्यामधली ही गाळाची सपाट भूमी. एका बाजूला हिंडनचा हवाई तळ, दुसऱ्या बाजूला जेवरला उभारलेला विमानतळ. जवळचा सर्वांत ठळक उतार शोधायचा, तर नजर यमुनेच्या पूर्वेलाच दिल्लीच्या हद्दीत असलेल्या गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर जाते. एकेकाळी ६० मीटरांहून उंच गेलेल्या त्या ढिगाऱ्यावर घारी मात्र मनसोक्त घिरट्या घालतात.

सपाटी हे कारण म्हणून पुरेसे नाही, हे ओटो लिलिएन्थालने १८९४ मध्येच दाखवून दिले. बर्लिनही सपाट प्रदेशातच आहे. त्याने लिश्टरफेल्डे येथे सुमारे १५ मीटर उंचीची टेकडी स्वतः उभारून घेतली आणि तिच्यावरून उड्डाणे केली. पंधरा मीटर म्हणजे पाच मजली इमारतीएवढी उंची. बांधकामाच्या राडारोड्याचे काय करायचे हा ज्या शहरापुढचा नित्याचा प्रश्न आहे, तिथे एखाद्या विद्यापीठाच्या मोकळ्या जागेत मातीने आच्छादलेली अशी टेकडी अशक्य वाटू नये. तोवर रबरी दोरीच्या झेपेने सपाट मैदानावर घसरण मोजता येते, गुरुत्वमध्य ठरवता येतो, आणि अंतिम उड्डाणांसाठी सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या महाविद्यालयाशी जोडी जमवता येते. नोएडात बांधलेली आणि पुण्यात बांधलेली प्रतिकृती एकाच आराखड्याची असेल, तर दोन्ही गटांना एकमेकांची मापे तपासता येतील.

खरी अडचण मातीची नाही, कागदाची आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेले ड्रोन नियम आधीच्या नियमांपेक्षा कितीतरी उदार आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. २५ किलोपर्यंतचे, शिक्षण, संशोधन किंवा विरंगुळ्यासाठी नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे मॉडेल त्यांत वेगळे ओळखले आहे आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतच्या अव्यावसायिक उड्डाणाला वैमानिक-परवाना लागत नाही. मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांना संशोधनासाठी नोंदणी आणि पूर्वपरवानगीतूनही सूट आहे. मात्र या शेवटच्या सवलतीला एक अट जोडलेली आहे : उड्डाण हरित क्षेत्रात आणि संस्थेच्या आवारात, किंवा संस्थेच्या ताब्यातील मोकळ्या जागेत व्हावे. ड्रोनला ही अट जाचत नाही; त्याला क्रीडांगण पुरते. टेकडी मात्र क्वचितच कुठल्या महाविद्यालयाच्या आवारात असते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. हरित क्षेत्राची मर्यादा जमिनीपासून १२० मीटर आहे. माथ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर तरंगणारी प्रतिकृती कड्यापासून थोडी पुढे सरकली, की तिच्याखालची जमीन दरीत उतरते. दरी दीडशे मीटर खोल असेल, तर विमान तसूभरही वर न चढता मर्यादा ओलांडते. नियम करताना सपाट जमीन गृहीत धरली गेली आहे. त्यात कोणाचा दोष नाही, पण दुरुस्तीला वाव आहे.

दुरुस्ती मोठी नको. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एवढे स्पष्ट करावे, की वनखाते, ग्रामपंचायत किंवा जमीनमालक यांच्या लेखी संमतीने ठरावीक दिवसांसाठी घेतलेली जागा ‘संस्थेच्या ताब्यातील’ मानली जाईल. आणि निवडक टेकड्यांवर उंची माथ्यापासून मोजली जाईल. कामशेत किंवा पाचगणीजवळच्या पसरणी घाटासारख्या ठिकाणी माणसे पॅराग्लायडरने उडतात. तिथे प्रतिकृतींसाठी वेगळे दिवस वा वेगळा उतार ठेवावाच लागेल, कारण सव्वा किलोची वस्तू ताशी ५० किलोमीटरने माणसाला लागली तर इजा गंभीर होते. गिधाडांच्या घरट्यांचे कडे, फुलांची पठारे आणि वनसंरक्षणाखालील माथे वगळलेच पाहिजेत. विज्ञानाच्या नावाखाली निसर्गाकडून सवलत मागणे योग्य नव्हे.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. भारताची अडचण विमानाच्या सांगाड्याची नसून इंजिनाची आहे, मग इंजिनच नसलेल्या प्रतिकृतींत वेळ का घालवावा? मारुतची कथा या आक्षेपाला बळच देते. ज्या शक्तिशाली ऑर्फियस इंजिनावर आराखडा बेतला होता, ते कधी मिळालेच नाही. कमी शक्तीच्या ऑर्फियस ७०३ वर भागवावे लागले आणि विमान आपल्या नियोजित वेगापर्यंत पोहोचले नाही. लाकडी ग्लायडरची ७८ उड्डाणे ही उणीव भरून काढू शकली नाहीत. टेकडीवरची प्रतिकृतीही टर्बाइनच्या पात्यांचे धातुशास्त्र शिकवणार नाही, हे उघड आहे. परंतु इंजिन घडवणाऱ्यालाही जे आधी अंगी बाणावे लागते, म्हणजे मोजणे, अपयशाची नोंद ठेवणे आणि दुसऱ्याच्या मोजमापाशी आपले ताडून पाहणे, ते फार थोड्या खर्चात इथे शिकता येते. ज्या संस्थेकडे पवनबोगदा नाही, तिच्यासाठी वाऱ्याचा उतार हीच प्रयोगशाळा आहे.

आणखी एक कारण मराठी वाचकांच्या विशेष जवळचे आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर व्याख्यान झाले आणि देशभर वाद उसळला. वास्तविक ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील रचना उडू शकणार नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्येच दाखवले होते. तरीही दर काही वर्षांनी तो वाद नव्याने पेटतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कधी काही उडवून पाहिलेले असते. ज्याने स्वतःच्या हाताने गुरुत्वमध्य शोधला आहे, त्याला कोणत्याही चित्रातील विमानाविषयी पहिला प्रश्न सुचतो : याचा तोल कुठे आहे? हा प्रश्न विचारण्याची सवय कोणत्याही खंडनापेक्षा अधिक टिकाऊ असते.

अशी सवय लावण्यासाठी संस्था लागते, आणि इथे नोएडाचाच एक अनुभव विचार करायला लावतो. सेक्टर ६२ मध्ये १९८९ पासूनच्या ‘विज्ञान प्रसार’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय होते. तिने देशभरातील विज्ञान मंडळांचे जाळे विणले, प्रयोगसंच तयार केले, भारतीय भाषांत विज्ञान पोहोचवले. २०२३ मध्ये ती बंद झाली. एका मंडळाची नोंद दुसऱ्यापर्यंत नेणारा धागा त्याबरोबर सैल झाला. दुसरीकडे २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली आहे. त्रिमितीय मुद्रक आणि संवेदक त्यांत येतील. परंतु एका शाळेचा आराखडा दुसरीने वापरला, तिसरीने सुधारला आणि तिघींची निरीक्षणे एकत्र आली, असे घडवून आणण्याची व्यवस्था नसेल, तर पन्नास हजार खोल्या उभ्या राहतील आणि पन्नास हजार सुटे प्रयोग होतील.

सुरुवात फार लहान असू शकते. एका महाविद्यालयाने मारुतचा एक दशांश आराखडा काढावा आणि सर्वांसाठी खुला करावा. त्यात फोमचा छेद, सर्व्होंची जागा, अपेक्षित गुरुत्वमध्य आणि त्याची कारणे द्यावीत. चार राज्यांतील चार गटांनी तो एका सत्रात बांधावा. प्रत्येक उड्डाणाची एकाच तक्त्यात नोंद व्हावी : वारा, वजन, वेग, घसरण, शेवट. पडलेल्या विमानांची नोंद आधी, तरंगलेल्यांची नंतर. आणि वर्षाअखेरीस या तक्त्यासह महासंचालनालयाकडे एक अर्ज जावा, ज्यात मागणी एवढीच असेल : एक टेकडी, वर्षातले दहा दिवस.